अप्पांच्या मशीनचा रीमिक्स

अप्पांच्या रिकाम्या उजव्या बाहीला सेफ्टी पिन लावत लेक म्हणाली, "माझ्या ट्रॅकमध्ये गाणं नाही, शब्द नाहीत. नुसता तुमच्या कारखान्यातल्या प्रेस मशीनचा आवाज. मी मोबाइल ठेवला होता ना मशीनजवळ?"

"त्या आवाजानं आम्ही बहिरे झालो, आणि ही पोरं तिकीट काढून ऐकतायत!" अप्पा हसले.

ट्रॅक तिनं रेकॉर्डिंगच्या सुरुवातीवरच बनवला होता. पुढचं ऐकायची हिंमत झाली नव्हती. त्याच शिफ्टमध्ये अप्पांचा हात गेला होता. रीमिक्स करणाऱ्या डीजेला मात्र तिनं घाईत अख्खी फाइल पाठवली होती.

स्टेजवर डीजेनं रीमिक्स लावला. धाड, धाड, धाड. मग त्या धडधडीवर चढत स्पीकरमधून एक किंकाळी फुटली. तिनं ती लगेच ओळखली. पुन्हा किंकाळी. पुन्हा. प्रत्येक किंकाळीला शेकडो पोरं उड्या मारत होती.

"बंद कर ते!" ओरडत ती स्टेजकडे धावली. अप्पांनी डाव्या हातानं तिला धरलं.

"राहू दे. तेव्हा एवढा ओरडलो, तर मशीन बंद करायला कुत्रं आलं नव्हतं. आज बघ, किती जमलेत."