अर्धा दाब

भिवाजीनं फुगा दाबला आणि पुंजाजीची मान आणखी थोडी सुजली. ते पाहून त्याची बायको भागिरथा घाबरून पुढे सरकली.

सकाळी किन्हीराजा गावात कुणाचा तरी फवारणीचा पंप दुरुस्त करता करता पुंजाजी लोहाराच्या तोंडातच औषधाचा फवारा उडाला होता. दुपारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्याचा श्वास बंद पडायला आला, तेव्हा डॉक्टरांनी घशात नळी घातली, नळीला काळा रबरी फुगा जोडला आणि तो त्याच्या धाकट्या भावाच्या, भिवाजीच्या, हातात दिला. श्वास देणारं यंत्र अकोल्याला. तिकडे न्यायची जीप मानोऱ्याला गेलेली. ती येईतो हातानंच निभवायचं होतं.

"पूर्ण दाबायचा. सावकाश. छाती चांगली वर आली पाहिजे," असं बजावून डॉक्टर अडलेल्या बाईकडे पळाले. दवाखान्यात तो एकटाच डॉक्टर, करणार तरी काय!

भिवाजी घणाचा माणूस. सांगितलं तसं इमानदारीनं पुरतं दाबत होता, आणि दर दाबाला नळीत गुलाबी फेस चढत होता. भागिरथानं नवऱ्याच्या गळ्याखाली बोट टेकवलं. कातडीखाली करकर लागलं. हवा! छातीत जायची हवा कातडीखाली शिरत होती.

"भाऊजी, थांबा. आत फाटलं हाय कुठंतरी. इतकं नका दाबू."

"डाक्तरनं पुरं दाबाले सांगतलं ना, वैनी. तुमाले काय समजते त्यातलं?"

अठरा वर्षं भट्टीचा भाता ओढणाऱ्या बाईला हा विचारत होता! भात्याचं कातडं चिरलं की ती अर्धाच ओढायची, पण भराभर. निखारा विझायचा नाही आणि चीरही वाढायची नाही. पण अहो, तो भाता होता. कातडं गेलं तर दुसरं शिवता येत होतं. हा तिचा माणूस होता.

"द्या इकडं," म्हणत तिनं फुगा ओढून घेतलाच. अर्धा दाबला. सोडला. लगेच परत अर्धा. छाती जेमतेम हलत होती.

"दादाले मारता काय!" भिवाजी ओरडला आणि डॉक्टरांना आणायला धावला.

तिलाही तेच वाटत होतं. आपण आपल्याच हातानं याचा जीव घेतोय, सगळ्या दवाखान्यासमोर घेतोय, असं वाटून तिला रडू फुटलं. तरी हात थांबला नाही. त्या भीतीपायीच ती पुंजाजीच्या नखांकडे टक लावून बसली होती. नखं निळीच होती.

डॉक्टर आले ते चिडूनच. "कुणी सांगितलं असं दाबायला?" त्यांनी फुगा हिसकावला आणि एकदा पुरता दाबला. नळीत फेस उसळला. दुसरा हात पुंजाजीच्या मानेवर होता, तो तिथंच थबकला. मग त्यांनी अर्धा दाबून पाहिला. दहा वेळा, वीस वेळा. वाकून ओठ पाहिले, नखं पाहिली. निळाई वाढली नव्हती. मानही तेवढीच होती.

"पुस्तकात तर पूर्णच लिहिलंय," ते पुटपुटले. तिला नव्हे, स्वतःलाच. आणि फुगा त्यांनी मुकाट्यानं तिच्या हातात परत दिला.

तासाभरानं जीप आली. भिवाजीनं आणि शिपायानं स्ट्रेचर उचललं, भागिरथा दाबत दाबत शेजारून चालली. तिची बोटं आखडली होती, पण फुगा ती भिवाजीकडे देईना.

"आता घाबरू नका, बाई," डॉक्टर जीपच्या दाराशी म्हणाले. "अकोल्याला पोचेपर्यंतच काय ते. तिथलं यंत्र माणसासारखं थकत नाही, झोपत नाही. एकदा लावून दिलं की दिवसरात्र सारखा श्वास देत राहतं."

भागिरथानं अर्धा दाबला. सोडला. मान वर न करताच तिनं विचारलं,

"अन् त्याले भेव लागते काय, डाक्तरसाहेब?"