छपरावरची बाटली

आमच्या रोसारियोत गाडीच्या छपरावर बाटली दिसली, की गाडी विकायची आहे हे शेंबडं पोरही सांगेल. माझा नवरा एझेकिएल मात्र बाटली ठेवतच नव्हता. चार महिने तो आपली लाल स्पोर्ट्‌स कार विकायला नुसती 'तयार' करत होता. दर रविवारी मेण लावून चकाकवायचा आणि किंमत वाढवायचा. तिच्यात बाळाची सीट बसत नव्हती. आमची तान्ही मोरा माझ्या मांडीवर, प्रत्येक वळणाला माझा जीव मुठीत.

आज तो चाकं घासत होता, तर मागे तिघं येऊन उभे.

"काय राव, कितीला सोडणार?"

एझेकिएलने वर पाहिलं. छपरावर दुधाची बाटली! लोकांना पळवून लावायला त्याने दुप्पट किंमत सांगितली.

"घेतली!" एक म्हातारा म्हणाला.

"ओ आजोबा, आधी मी आलोय!" दुसरा खेकसला.

गाडी विकली गेल्यावर एझेकिएल माझ्यावर घसरला. "बाळाची बाटली छपरावर विसरलीस? इतकी कशी गं वेंधळी तू?"

मी मान खाली घातली. मोरा अजून अंगावरच पिते, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही.