शंटिंगचं इंजिन

अण्णांची बॅग भरून दारात ठेवली होती. "एकदा तुला ओळखू देत," दादा म्हणाला, "मग वृद्धाश्रमात नाही नेणार."

आमच्या वडिलांनी, अण्णांनी, जन्मभर रेल्वेची इंजिनं चालवली. आता त्यांच्या आठवणीतून माणसं पुसली गेली होती, इंजिनांवरची अक्षरं तेवढी उरली होती. मी तिथूनच शिरले.

"अण्णा, इंजिनावर पी असेल तर?"

"पॅसेंजर. माणसं नेतं."

"जी?"

"गुड्स, मालगाडी. ओझं ओढतं."

"आणि मी? मी कोण, अण्णा?"

कणकेने माखलेल्या माझ्या हातांकडे ते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तू एस. शंटिंगचं इंजिन. सगळ्यांच्या गाड्या फलाटाला लावून दिल्यास. स्वतः यार्डातच राहिलीस, बाई."

"ऐकलंस, दादा? ओळखलं मला."

"नाव घेतलं का तुझं?" दादाने बॅग उचलली. "इंजिनांचंच बडबडतायत."

तो अण्णांना उठवू लागला. अण्णा जागचे हलेनात.

"शंटर लागू दे," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मग निघू."

माझ्या हाताने त्यांची गाडी सुटायला नको, म्हणून मी दोन्ही हात पाठीमागे लपवले. अण्णांनी शोधून एक घट्ट धरला, आणि विश्वासाने उठून उभे राहिले.