वीतभर अंतरावर एक क्लिप

व्हॅनखालून दत्तोबाची फक्त पावलं बाहेर दिसत होती. त्यातल्या डाव्या पावलावर ऋषिराजनं बूट ठेवला आणि भार दिला.

"ए दत्त्या, झोपलास का काय?"

"दादा, पाय! पाय काढा!"

"चार वाजता देवळापाशी गाडी लावायचीय. प्रयागबाई वाट बघत्यात. निरवांगीला सहाला त्यांचं कीर्तन हाय."

बूट निघाला. दत्तोबानं दात आवळून पुन्हा वर हात घातला. व्हॅन वीस वर्षांची, पेट्रोलवरची. टाकीपासून इंजिनापर्यंत जाणारी रबरी नळी तडकून पेट्रोल पाझरत होतं. तो नवी नळी टाकत होता.

लासुर्ण्यात त्याच्या कामाला नाव होतं. नळी सायलेन्सरपासून चार बोटं लांब न्यायची. वीतभर अंतरावर एक क्लिप. जिथं पत्र्याची धार लागेल तिथं वरून रबराचं कव्हर. आणि प्रत्येक क्लिप आवळली की दोनदा ओढून बघायची. ओढताना त्याच्या तोंडून 'हरी' निघायचं. सात क्लिपा, चौदा वेळा हरी. बायको राजेश्वरी हसायची, तुमची जपमाळ गाडीखालीच असती म्हणायची.

सातवी क्लिप बसली तेव्हा तो म्हणाला, "दादा, टाकीकडची पट्टी गंजलीय. बारामतीहून नवी आणतो. आजचा दिवस थांबा की."

उत्तर म्हणून बरगडीत लाथ बसली. दुसरी मांडीवर. तो बाहेर सरकेपर्यंत तिसरी कानशिलावर आली. कानात शिट्टी वाजली आणि ओठातून रक्त हनुवटीवर उतरलं.

"थांबा म्हणतोय मला!" ऋषिराज खाली वाकला. त्याचा आवाज मात्र हळू होता. "तुझा सौरभ पण असंच म्हणला हुता. कालव्यावर. दादा, थांबा, पाण्याची पाळी माझी हाय. दोन दणक्यात गप झाला. लोखंडी टॉमीचे दोन दणके."

दत्तोबाच्या हातातला पाना खाली पडला.

धाकटा भाऊ सौरभ पाय घसरून कालव्यात पडला, असं सगळा गाव चार महिने म्हणत होता. डोक्याची खोक दगडाची, असं ठरलं होतं. तेराव्याला ह्याच ऋषिराजनं पुढं बसून मृदंग वाजवला होता. राजेश्वरीनं दीर गेल्याचं दुःख बाजूला ठेवून ह्या माणसाला आग्रहानं वाढलं होतं.

"कुणाला सांगशील? सांग जा. लाथंनं डोकं फिरलंय म्हणतील." ऋषिराज हसला. "आता ती पट्टी तारंनं बांध. दहा मिनटं देतो."

तो समोर तात्यांच्या टपरीवर चहाला गेला.

दत्तोबा पुन्हा व्हॅनखाली शिरला. आधी त्यानं पट्टी तारेनं बांधली. तोंडातलं रक्त त्यानं गिळलं.

चौथी क्लिप त्यानं सोडली. पाचवी सोडली. सहावी सोडली. नळी हळूच खाली आली आणि सायलेन्सरवर टेकली. त्यानं ती बोटानं नीट दाबून बसवली. ह्या वेळी हरी निघालं नाही.

कालव्याचा पूल यायच्या आत रबर वितळेल आणि पेट्रोल पेट घेईल, असा त्याचा अंदाज होता.

व्हॅनमध्ये माणूस एकटा ऋषिराज. मागं पेटी आणि मृदंग. टाळ धरणाऱ्या बायका, त्यांच्यात राजेश्वरीही, नेहमीप्रमाणं प्रयागबाईंच्या जीपमधून जाणार. मृदंग जळणार ह्याचं त्याला वाईट वाटलं. पांडुरंगाची माफी नंतर मागू, असं तो मनात म्हणाला.

"झालं का?" ऋषिराज आला. वाकूनही न बघता चाकावर लाथ मारून आत बसला. "बघ, लाथा खाल्ल्या की कसं काम पटकन हुतं."

"सावकाश जावा, दादा," दत्तोबा म्हणाला.

व्हॅन देवळाकडं वळली. तिचा धूर विरला, आणि मग दत्तोबाला आठवलं. मागच्या खेपेला जीपमधल्या गर्दीत राजेश्वरीला मळमळलं होतं, आणि परतताना ती व्हॅनमध्ये पुढं बसून आली होती.

त्यानं फोन लावला. कापडानं त्याचा ओठ पुसत तात्या शेजारीच येऊन उभे राहिले होते. "लई मारलं की रं. कुठं कुठं लागलंय बघू," म्हणत होते. त्यांच्यापुढं दत्तोबाला उघड बोलता येईना.

तिकडं देवळात कुणीतरी पेटीचा सूर धरला होता, आणि मृदंगावर थापा पडत होत्या.

"राजेश्वरी, ऐक. आज गाडी टाळ."

"काय? गाडी काय?"

"टाळ, टाळ! ऋषीदादाची गाडी! टाळ!"

"व्हय व्हय, टाळ. आलं ध्येनात. वरडू नका एवढं."

"नक्की?"

"नक्की वो. ठेवते, आवराआवर चाललीय हितं."

दत्तोबानं फोन खिशात टाकला आणि भिंतीला टेकून खाली बसला. तात्यांनी पुढं केलेला चहा त्यानं घेतला. चहा ओठाला झोंबला, तरी त्यानं तो सगळा संपवला. सौरभ गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला काहीतरी गोड लागलं.

देवळापाशी पेटी आणि मृदंग व्हॅनच्या मागच्या सीटवर चढले. ऋषिराजनं चावी फिरवली. जीपमध्ये बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, आणि प्रयागबाईंनी खिडकीची जागा हातानं धरून ठेवली होती.

"अगं राजेश्वरी, तिकडं कुठं? हितं ये की, वाऱ्याला बस. मळमळायचं न्हाय."

राजेश्वरीनं व्हॅनचं पुढचं दार उघडलं, पदर सावरला आणि आत चढून बसली.

"तुमी व्हा पुढं, माई. ह्यांचा मुद्दाम फोन आला हुता. गाडीत टाळ हायेत म्हणं. सुटं पडलं असतील कुठंतरी, मी मांडीवर घिऊन येते."