नुकुलावची वाळू

या, असे जवळ सरका. एका टोपलीची कथा सांगतो, फार वेळ घेणार नाही.

तळं आटलं होतं. पावसाळ्याआधी गावातल्या प्रत्येक घरानं तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक टोपली माती टाकायची, ही तळी बांधणाऱ्या कोहळी लोकांची रीत. यादोराव सगळ्यांच्या मागं उभा होता. फिजी बेटांवर ऊस तोडून, गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार, भरून तो कालच परतला होता. त्याच्या टोपलीत माती नव्हती, गाठ मारलेलं एक फडकं होतं.

"काय आनलास रे?" केवळराम पाटलांनी विचारलं.

"मनिराम."

मनिराम म्हणजे गंगाबाईचा एकुलता एक पोरगा. दोघं एकाच जहाजात चढले होते. तो तिकडंच वारल्याचं म्हातारीला काल कळलं. आज ती काठी टेकत पाळीवर येऊन बसली होती.

पाटलांनी गाठ सोडली, चिमूट बोटांत चोळली. "वाळू होय ही. कोहळ्याच्या पोटचा ना तू? वाळूनं पाळ झिरपते, हे कायले सांगा लागते? तिथं माती नव्हती का?"

"नव्हती, पाटील. नुकुलाव म्हनतात त्या बेटाले. जहाजातून उतरलेल्यायले पहिले तिथं डांबतात, रोगराई पाहाले. लाकडाचा धक्का, टिनाच्या लांब शेडी अन् मागं नारळाची झाडं. त्या झाडायखाली पुरलं त्याले. ऊस त्यानं पाहिलाच नाही."

"देऊळ-गिऊळ?" गंगाबाईनं विचारलं.

"नाही, काकी. समुद्र येते पायापाशी अन् वापस जाते. बस."

पाटलांना फडकं खाली ठेवता येईना, परतही देता येईना. 

परत निघताना होडीवाल्याच्या पाया पडून, त्या बेटावर जाऊन यादोरावनं ती वाळू भरली होती आणि साऱ्या समुद्रप्रवासात कमरेला बांधून आणली होती.  तो होता तिथंच खाली बसला.

"मंग कुठं ठेवू याले? थकलो मी, काकी."

गंगाबाईनं फडकं मागून घेतलं. वाळूवर तळवा ठेवला.

"पाटलाचं खरं आहे. पाळीचं काम पानी थांबवाचं. हा कुठं थांबला कधी? मी दारात आडवी झाली, तं मले ओलांडून गेला. तुडुमात टाक याले."

तुडुम म्हणजे पाळीच्या पोटातून शेताला पाणी सोडायचं तोंड. यादोरावनं तिथं वाकून फडकं झटकलं. पाटलांनी स्वतःच्या हातानं काळ्या मातीची टोपली भरली आणि म्हातारीपुढं ठेवली.

"गंगाबाई, तुमच्या घरची टोपली राहिली."

"ते यादो टाकते," म्हातारी म्हणाली. "ऊठ रे."

यादोराव उठला.

बाप्पाहो, धानाला पाणी सुटेल तेव्हा पहिली धार गढूळ येईल. तिला हात लावा आणि मनिरामचं नाव घ्या.