टेम्पोच्या खालून

दापोडीहून चाकणला माल घेऊन निघालेला टेम्पो भर दुपारी माळावर बंद पडला. अजिमभाईंनी जॅक लावला आणि खाली शिरले. गाडीखाली गेलेला मिस्त्री बाहेर बघत नसतो. तो नुसता हात काढतो आणि बाहेरचा माणूस त्यात पाना ठेवतो. देणारा कोण, हे बघायची रीत नाही. पाना बरोबर असला म्हणजे झालं.

"सनी, चौदाचा दे."

पाना आला. बरोबर चौदाचाच होता. फक्त ओला होता, आणि गरम.

"लेका, थुंकून देतोस काय?"

उत्तराऐवजी खिशातला फोन वाजला. ड्रायव्हर सनीच बोलत होता, दबक्या आवाजात.

"भाई, बाहेर येऊ नका. मी केबिनमध्ये काचा लावून बसलोय. तुम्ही खाली शिरलात आन् कसलं तरी जनावर आलं. कुत्रं नाय, बिबट्या पण नाय. असलं कधी बघितलंच नाय, राव."

"मग पाना कोणी दिला?"

"कसला पाना?"

अजिमभाईंनी मान वळवली. चाकाशेजारी चार केसाळ पाय उभे होते. पुढचे दोन मागच्यांपेक्षा बरेच लांब होते.

"गेलं, भाई!" फोनमध्ये सनी सुटल्यासारखा हसला. "या बाहेर बिनधास्त. सगळा माळ मोकळा हाय. दोन्ही आरशांत बघितलं, चाकांजवळ पण काहीच नाय."

अजिमभाईंनी पुन्हा चाकाकडे पाहिलं. पाय अजून तिथंच होते, वीतभर अंतरावर, आणि आता गुडघ्यांत हळूहळू वाकत होते.