कोणाची हरकत?

विद्यापीठाच्या अभिलेखागारात मी जुन्या कुलगुरूंच्या बैठकांच्या टेप संगणकावर उतरवून घेते. काम तसं कंटाळवाणं; निम्मा वेळ नुसतं लोकांचं खोकणं ऐकायचं.

आजच्या टेपवर, केव्हाच वारलेले एक कुलगुरू म्हणाले, "बायकांचे संध्याकाळचे वर्ग बंद करू. कोणाची काही हरकत?"

पुढे शांतता. कोणी ब्रसुद्धा काढला नाही.

पण ते वर्ग तर आजही भरतात! नोकरी आणि घर सांभाळून माझी वहिनी तिथेच शिकते. मग तेव्हा नको म्हणालं कोण?

मी टेप मागे फिरवली. प्रश्न तोच, शांतता मात्र लांबलेली. तिसऱ्यांदा तर ती संपेचना. नुसती पंख्याची घरघर, आणि कोणाचा तरी श्वास. जणू सगळे कोणासाठी तरी खोळंबले होते.

तेवढ्यात वहिनी दारात डोकावली. "ताई, वर्ग सुटला की बरोबरच घरी जाऊ हं!" आणि ती धावतच जिना चढली.

मला राहवेना. "माझी आहे हरकत," रिकाम्या खोलीत मी म्हणाले.

टेपवर खुर्च्या सरकल्या. कोणीतरी हुश्श केलं.

"आत्ता कुठे!" कुलगुरू म्हणाले. "बोला बाई, जरा मोठ्याने बोला. वर सगळ्या थांबल्यात."